दिवसा कोड, रात्री गेम : २७ इंची मॉनिटरचा आठ महिन्यांचा अनुभव

लातुरात आमच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे आणि पुण्याच्या एका कंपनीचे काम मी गेली चार वर्षे याच खोलीत बसून करतो. आम्ही अडत दुकानांच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे दिवसभर डोळ्यांपुढे एका बाजूला कोड असतो आणि दुसऱ्या बाजूला हमाली, तोलाई, अडत अशा रकान्यांच्या मराठी पट्ट्या असतात. रात्री जेवणानंतर तास-दीड तास नांदेडच्या भाच्यासोबत ऑनलाइन गेम खेळणे हा माझा एकमेव शौक आहे. या दोन्ही कामांना एकच मॉनिटर पुरावा म्हणून गेल्या दिवाळीच्या आधी, जुना २४ इंची ६० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर बाजूला सारून, मी नवा घेतला. २७ इंच, २५६० गुणिले १४४० पिक्सेल (चित्र घडवणारे बारीक ठिपके), आयपीएस जातीचे पॅनेल (चित्र दाखवणारा मुख्य थर), १८० हर्ट्झ आणि पक्क्या बिलासह १९,८०० रुपये, असा त्याचा थोडक्यात परिचय देता येईल. मॉडेलचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीतली मॉडेले वर्षभरात बदलतात आणि त्यांची नावे पोत्यावरच्या लॉट नंबरसारखी असतात. यातल्या पहिल्या चार गोष्टी मात्र कोणत्याही कंपनीच्या खोक्यावर सापडतील.

खरेदीपूर्वी मी एक साधा हिशेब मांडला होता. दिवसाचे आठ-नऊ तास मी अक्षरे वाचतो आणि फार तर दीड तास खेळतो. असे असताना दुकानात आणि जाहिरातीत पहिला प्रश्न मात्र "किती हर्ट्झ?" हाच असतो, आणि अक्षर कसे दिसते हे कोणी विचारत नाही. मी पेन ड्राइव्हमध्ये स्वतःच्या कोडची एक फाइल आणि एक मराठी हिशेबपट्टी घेऊन गेलो होतो. दुकानदाराने ती उघडू दिली, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत, परंतु तो अस्वस्थ झालेला दिसत होता. "सर, गेमिंगचा घ्यायचा म्हणल्यावर कर्व्हच घ्यायचा असतो की," असे म्हणून त्याने ३२ इंची वक्र पडद्यावर शर्यतीच्या गाड्यांचा व्हिडिओ लावला. व्हिडिओ सुरेख होता. मग त्याच पडद्यावर मी पट्टी उघडली आणि तिच्यातला "क्विंटल" हा एकच शब्द जवळून पाहिला.

मॉनिटर घेताना हा शब्द जरूर पाहावा, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. क्विं या अक्षरात क आणि व यांचा जोड आहे, वर वेलांटी आहे आणि वेलांटीच्या कमानीजवळच अनुस्वाराचा टिंब बसलेला आहे. लहान फाँटमध्ये पिक्सेल विरळ असले की टिंब आणि वेलांटी एकमेकांत विरघळतात आणि तिथे नुसता एक राखाडी डाग उरतो. इंग्रजी अक्षरे पुष्कळ सोशिक आहेत, ती विरळ पिक्सेलमध्येही निभावून जातात. देवनागरीचे रफार, जोडाक्षरे आणि टिंब तसे निभावत नाहीत. माझ्या जुन्या २४ इंची पडद्यावर हा डाग मी सहा वर्षे पाहिला होता, आणि तोच डाग त्या ३२ इंची वक्र पडद्यावरही जसाच्या तसा होता.

हा योगायोग नव्हता. २४ इंचांच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० पिक्सेल असतील तर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल येतात, आणि ३२ इंचांवर २५६० गुणिले १४४० असतील तरीही नेमके तितकेच येतात. पडदा मोठा होतो, अक्षर सुधारत नाही. २७ इंचांवर १०८० पी (म्हणजे तेच १९२० गुणिले १०८०) घेतला तर पिक्सेलची दाटी ८२ पर्यंत खाली येते, आणि बाजारात "२७ इंच, एकदम स्वस्त" म्हणून जे विकले जाते ते बहुतेक हेच असते. कोडिंग करणाऱ्याने त्याच्याकडे पाहूही नये. २७ इंचांवर १४४० पी (२५६० गुणिले १४४०) घेतला तर दाटी सुमारे १०९ होते. आकड्यांतला हा फरक किरकोळ वाटतो, पण "क्विंटल"चा टिंब त्यात सुटा झाला. शिवाय विंडोजमध्ये अक्षरे १०० टक्क्यांवरच ठेवून काम करता येते, वाढवावी लागत नाहीत. माझ्या एडिटरमध्ये पूर्वी एका वेळी ४८ ओळी दिसायच्या, आता ६७ दिसतात. एखादे लांबलचक फंक्शन वर-खाली न सरकवता सबंध डोळ्यांसमोर असणे म्हणजे काय, हे ज्याने दिवसभर असे काम केले आहे त्याला सांगावे लागणार नाही.

मग थेट फोर-के का घेतला नाही, असे ऑफिसातल्या दोघांनी विचारले. २७ इंचांवर फोर-के (३८४० गुणिले २१६० पिक्सेल) म्हणजे इंचाला १६३ पिक्सेल, आणि त्यावर अक्षर छापल्यासारखे दिसते, यात वाद नाही. पण तिथे अक्षरे १५० टक्के करावीच लागतात, आणि तसे केल्यावर कामाची जागा पुन्हा १४४० पीइतकीच उरते. जास्तीचे पैसे जागेचे नसून निव्वळ सुबकपणाचे असतात. दुसरीकडे गेमला मात्र १४४० पीच्या सव्वादोन पट पिक्सेल दर फ्रेमला रंगवावे लागतात, आणि माझ्याकडचे आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड तिथे धापा टाकते. ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांनी मात्र माझा सल्ला तसाच उचलू नये. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून ॲपलने अक्षरांच्या कडा उपपिक्सेलच्या (एका पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांच्या) आधारे गुळगुळीत करण्याची जुनी रीत बंद केली आहे, त्यामुळे १४४० पीवर मॅकची अक्षरे विंडोजपेक्षा पुसट भासतात. मॅकवाल्याने गेमचा मोह आवरून फोर-केच घेतलेला बरा. तसेही त्याच्याकडे खेळायला गेम मोजकेच असतात.

पॅनेलच्या बाबतीत माझे मत अधिक ठाम आहे. त्या वक्र मॉनिटरचे पॅनेल व्हीए जातीचे होते. व्हीएचा काळा रंग खरोखर काळा दिसतो, कारण त्याचे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) ३००० ला १ च्या आसपास असते, तर साध्या आयपीएसचे १००० ला १ च्या जवळपास. अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहायचा असेल तर व्हीएच उजवे. परंतु स्वस्त व्हीए पॅनेलमध्ये पिक्सेल गडद काळ्यातून उजळ व्हायला वेळ घेतात, आणि कोडिंग करणाऱ्यांपैकी पुष्कळ लोक तर काळ्या पार्श्वभूमीवरच लिहितात. दुकानात मी माझी फाइल काळ्या थीममध्ये जोरात सरकवली तेव्हा प्रत्येक ओळीच्या मागे जांभळट सावली ओढली जात होती, जणू कोणी ओल्या शाईवरून बोट फिरवले आहे. हाच दोष गेममध्ये अंधाऱ्या बोळातून पळताना दिसतो. ज्या खोडीचा त्रास दोन्ही कामांत होतो ती खोडी विकत कशाला घ्यायची?

आयपीएसही निर्दोष नाही. रात्री दिवा बंद करून काळी थीम लावली की पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पिवळसर उजेड पाझरताना दिसतो. मान जरा हलवली की तो कमीजास्त होतो. मी टेबलामागे भिंतीवर एक मंद दिवा लावला आणि हा त्रास जवळजवळ संपला, पण तो आहे हे नाकारता येणार नाही. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे यातले काहीच नसते, वेग आणि काळा रंग दोन्ही अव्वल असतात. तरीही माझ्या कामासाठी मी तो घेणार नाही. किंमत हे पहिले कारण आहेच. दुसरे असे की बहुतेक ओएलईडीतल्या लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांची मांडणी नेहमीच्या उभ्या पट्ट्यांसारखी नसते, आणि विंडोजची अक्षरे गुळगुळीत करण्याची पद्धत तर त्या पट्ट्या गृहीत धरूनच चालते. त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत किनार दिसते. शिवाय माझ्या पडद्यावर खालचा टास्कबार आणि एडिटरची डावी पट्टी रोज नऊ तास जागची हलत नाही, आणि अशी स्थिर चित्रे ओएलईडीवर कालांतराने कायमची उमटण्याचा धोका असतो. जो फक्त खेळतो त्याचे गणित निराळे आहे.

आता हर्ट्झ. ६० हर्ट्झवर नवे चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येते, १४४ वर ६.९ आणि १८० वर ५.६ मिलिसेकंदांनी. यावरूनच दिसते की मोठी उडी ६० वरून १२०-१४४ कडे जाण्यात आहे आणि पुढचा लाभ झपाट्याने आटत जातो. कोडिंगला याचा उपयोग नाही, असे मी पूर्वी मानत असे, परंतु ते चुकीचे होते. शेकडो ओळींचा लॉग (प्रोग्रॅमने केलेल्या नोंदी) सरकवताना मजकूर सरकता सरकता वाचता येतो, आणि एकदा ही सवय लागली की जुन्या पडद्यावर माउसचा बाणसुद्धा अडखळतो आहे असे वाटते. १४४ आणि १८० यांतला फरक मात्र मला आजही डोळे मिटून सांगता येत नाही, उघडूनही येत नाही.

याबाबतीत माझी जी फजिती झाली ती सांगण्यासारखी आहे. पहिले नऊ दिवस हा १८० हर्ट्झचा मॉनिटर मी ६० हर्ट्झवरच चालवला, आणि वर भाच्याला फोन करून सांगितले की काय सुरेख, काय तरल चित्र आहे. दहाव्या दिवशी त्याने माझ्याकडून एक आकडा वाचून घेतला आणि म्हणाला, "मामा, तुमचं अजून साठवरच आहे की!" नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज अनेकदा ६० हर्ट्झच धरून बसते, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथून डिस्प्ले आणि ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या पानावर जाऊन आकडा आपल्या हाताने बदलावा लागतो. तो बदलायला गेलो तर यादी १४४ वरच थांबत होती. त्याचे कारण केबलमध्ये होते. खोक्यात फक्त एचडीएमआय केबल आली होती आणि या मॉनिटरचे एचडीएमआय पोर्ट २.० चे आहे, ज्याची क्षमता १४४० पीसाठी १४४ हर्ट्झपाशी संपते. डिस्प्लेपोर्टची केबल वेगळी विकत आणली तेव्हा कुठे यादीत १८० दिसू लागले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १८० छापायचे आणि तिथवर नेणारी केबल मात्र आत ठेवायची नाही, हा कंजूषपणा मला खटकला.

ग्राफिक्स कार्ड प्रत्येक सेकंदाला इतकी चित्रे देते का, हा प्रश्न उरतोच. व्हॅलोरंटसारख्या हलक्या स्पर्धात्मक गेममध्ये ३०६० सहज १८० च्या वर जाते; मोठ्या, नकाशाभर भटकण्याच्या गेममध्ये सेटिंग्ज उतरवूनही ६० ते ७० वर समाधान मानावे लागते. अशा वेळी मॉनिटरमधली ॲडॅप्टिव्ह सिंक ही सोय खरी कामाला येते, कारण कार्ड जेव्हा चित्र तयार करील तेव्हाच मॉनिटर ते दाखवतो आणि मधोमध चिरल्यासारखे चित्र दिसत नाही. माझे कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१९ च्या जानेवारीपासून साध्या ॲडॅप्टिव्ह सिंकच्या मॉनिटरांनाही आपल्या ड्रायव्हरमध्ये दार उघडले आहे, त्यामुळे जी-सिंक या तिच्या स्वतःच्या अशाच सोयीच्या महागड्या मॉड्यूलसाठी जादा पैसे देण्याचे कारण उरलेले नाही.

खोक्यावरचे बाकीचे दावे मी भराभर निकालात काढतो. "१ मिलिसेकंद" हा पिक्सेल बदलण्याच्या वेळेचा आकडा बहुधा अशा मोडचा असतो ज्यात पडदा मंद होतो किंवा हलत्या वस्तूंभोवती पांढुरक्या कडा दिसतात. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलायला लावणारी सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवावा आणि विसरून जावे. एचडीआर ४०० चा (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवण्याच्या सोयीचा) शिक्का या किमतीत निरर्थक आहे, कारण मागचा प्रकाश भागाभागाने मंद करण्याची सोय त्यात नसते. मी एकदा एचडीआर चालू केले, डेस्कटॉप धुतलेल्या कापडासारखा फिका झाला आणि ते पुन्हा बंद केले. रंगांचे क्षेत्र विस्तृत असल्यामुळे सुरुवातीला कोडमधला लाल रंग डोळ्यांत घुसत होता. एसआरजीबी मोड (रंग नेहमीच्या मर्यादेत ठेवणारा) लावला की तो निवळतो, पण माझ्या मॉनिटरवर त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलताच येत नाही. अंगभूत स्पीकर आहेत, असे म्हणतात.

खरी उणीव स्टँडमध्ये आणि पोर्टांमध्ये आहे. स्टँड पुढे-मागे झुकतो, परंतु वर-खाली होत नाही. नऊ तास बसणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही, कारण पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला नसेल तर तिसऱ्या आठवड्यात मान बोलू लागते. सध्या माझा मॉनिटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या तीन पुस्तकांवर उभा आहे, आणि त्या पुस्तकांचा एवढा उपयोग मला परीक्षेतही झाला नव्हता. मागे १०० गुणिले १०० मिलिमीटरची व्हेसा मापाची भोके आहेत, त्यामुळे पुढेमागे मॉनिटर धरणारा आर्म लावता येईल. आज घेणाऱ्याने मात्र दीड-दोन हजार जास्त देऊन उंची बदलणारा स्टँडच घ्यावा. दुसरे म्हणजे यात यूएसबी-सी नाही. ऑफिसचा लॅपटॉप आणि स्वतःचा डेस्कटॉप असे दोन्ही जोडायचे तर रोज संध्याकाळी सहा वाजता मी मॉनिटरच्या पाठीमागे हात घालून, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखा, एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाण्याचे ते बारके बटण शोधतो आणि मग कीबोर्डची वायर इकडून तिकडे करतो. एकाच वायरने लॅपटॉप चार्ज करणारा आणि कीबोर्ड-माउसही आपोआप वळवणारा मॉनिटर मिळतो. दोन यंत्रे वापरणाऱ्याने हर्ट्झ कमी करून ही सोय घ्यावी, असे मला आज वाटते. डेलच्या यू२७२४डीई या मॉडेलात २७ इंच, १४४० पी, १२० हर्ट्झ आणि २००० ला १ कॉन्ट्रास्टचे आयपीएस ब्लॅक पॅनेल आहे. ते माझ्या खिशाबाहेर होते. बेनक्यूने खास प्रोग्रॅमरांसाठी काढलेला आरडी२८०यू तीनास दोन प्रमाणाचा, ३८४० गुणिले २५६० पिक्सेलचा आहे आणि कोड वाचायला अतिशय देखणा आहे, पण तो ६० हर्ट्झचा असल्यामुळे भाच्याने तो पाहण्याआधीच नापास केला.

आता आपल्याकडच्या उन्हाविषयी आणि विजेविषयी, कारण ज्या परीक्षणांवर विसंबून आपण खरेदी करतो ती बहुधा वातानुकूलित खोलीत लिहिलेली असतात. बहुतेक मॉनिटरांच्या माहितीपत्रकात वापराचे कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस दिलेले असते. मराठवाड्यात मे महिन्यात बाहेरच पारा ४२ च्या पुढे जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. मी मेमध्ये दुपारी एक ते चार काम खाली माजघरात हलवले, आणि मॉनिटर वर बंद करून ठेवला. तरीही संध्याकाळी चालू करताना त्याची पाठ कोमट लागत असे. आठ महिन्यांत बिघाड झालेला नाही. कूलर मात्र मॉनिटरच्या थेट समोर ठेवू नये, कारण दमट वाऱ्यासोबत बारीक तुषार येतात आणि आपल्याकडच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके पडद्यावर वाळून बसतात. ते जोरात पुसले तर मॅट थराला ओरखडे येतात. किंचित ओलसर मऊ कापड, हलका हात आणि सबुरी, एवढाच इलाज आहे.

विजेचा खर्च नगण्य आहे. ब्राइटनेस ४० टक्क्यांवर ठेवला की माझ्या मीटरवर २८ वॅट दिसतात, त्यामुळे लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर मॉनिटर आणि लॅपटॉप मिळून निवांत चालतात. डेस्कटॉप आणि गेम मात्र तेव्हा बंद. चिंता वेगळ्याच गोष्टीची होती. पहिल्याच आठवड्यात मॉनिटरच्या मागच्या धातूच्या पट्टीला हात लागला की मनगटात बारीक मुंग्या येत. आधी मला मॉनिटरच सदोष वाटला आणि मी दुकानदाराला दोन शब्द सुनावलेही. इलेक्ट्रिशियनने तपासले तेव्हा कळले की गच्चीवरच्या बोर्डात तिसऱ्या पिनेला वायर होती, पण ती जमिनीपर्यंत पोहोचतच नव्हती. अर्थिंग नसले की ॲडॅप्टरमधल्या फिल्टरमधून गळणारा अत्यल्प प्रवाह वाट नसल्याने धातूच्या भागांवर येऊन थांबतो. त्या अवस्थेत चालू यंत्रांमध्ये एचडीएमआय केबल खुपसली तर पोर्टच जळू शकते. म्हणून आधी केबल जोडावी आणि मगच प्लगचे बटण दाबावे. मीठ, कोळसा घालून नवा खड्डा घेतला आणि मुंग्या थांबल्या. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग पुन्हा कमजोर होते, म्हणून खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावे लागते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे ते ओतताना हात जरा आखडतोच. दुकानदाराकडे जाऊन मी माझे शब्द परत घेतले.

ऑनलाइन हाच मॉनिटर मला सुमारे बाराशे रुपयांनी स्वस्त पडला असता. दुकानातून घेतला तो दोन कारणांसाठी. एक तर पडदा तिथेच सुरू करून पूर्ण पांढरा, पूर्ण काळा आणि लाल-हिरवा-निळा करून मृत पिक्सेल तपासता आला, आणि हे तपासणे आवश्यक आहे, कारण एखाददुसरा काळा ठिपका अनेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. दुसरे कारण वॉरंटीचे. कागदावर तीन वर्षांची घरपोच सेवा लिहिलेली असली तरी ती आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे कंपनीच्या क्रमांकावर फोन करून आधी विचारावे. मी तीन कंपन्यांना फोन केला. दोघांनी मॉनिटर पुण्याला पाठवावा लागेल असे सांगितले, आणि तिसरीने लातुरात माणूस येतो म्हटले. मी तिसरीचा घेतला. खोका आणि आतले थर्माकोलचे साचे तरीही माळ्यावर जपून ठेवले आहेत, पक्के बिल त्याच्याच आत चिकटवून.